पूर्ववत् : चालत्या प्रोग्रामातील बदल मागे घेण्याविषयी

(काशीतील राजा घाटानजीक मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या भाषणाची संहिता)



ज्या घाटाच्या इतक्या जवळ आपण जमलो आहोत, त्या राजा घाटाचे नाव अमृतराव पेशव्यांशी जोडलेले आहे. अमृतराव हे रघुनाथरावांचे दत्तक पुत्र. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्यानजीक हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी दुसऱ्या बाजीरावाच्या व शिंद्यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव कोकणात उतरले आणि अखेर वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेले. इकडे पुण्यात अमृतरावांच्या हाती कारभार देऊन त्यांचे पुत्र विनायकराव यांना पेशवाईच्या गादीवर बसविण्यात आले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला, आणि १३ मे १८०३ रोजी इंग्रजी फौजेच्या बळावर बाजीराव पुनश्च गादीवर आले. अमृतरावांनी इंग्रजांकडून वार्षिक नेमणूक स्वीकारली आणि उत्तरायुष्य या काशी परिसरात घालविले.

इतिहासाचे हे पान उघडण्याचे कारण असे. पेशवाईत ऑक्टोबरमध्ये झालेला बदल मे महिन्यात मागे घेतला गेला. गादी तीच, वाडा तोच, बसणारी व्यक्तीही तीच. तरी पेशवाई पूर्वीसारखी झाली, असे कोणी म्हणेल काय? मधल्या काळात एक तह झाला होता. किमान सहा हजार पायदळाची तैनाती फौज राज्यात आली होती आणि तिच्या खर्चासाठी सव्वीस लक्षांचा मुलूख तोडून द्यावयाचा ठरला होता. गादीवरचा बदल रद्द झाला. त्या बदलाच्या काळात लिहिले गेलेले कागद मात्र रद्द झाले नाहीत.

प्रोग्रामिंगच्या भाषांविषयीचे एक पुस्तक मराठीत आणताना मला ज्या एका शब्दाने सर्वाधिक काळ अडवून धरले, तो शब्द नेमका याच प्रसंगाचा आहे. इंग्रजीत तो लहानसा आहे : अन्डू. संगणकावर पत्र लिहिणाऱ्या प्रत्येकाला तो ठाऊक आहे. कंट्रोलची कळ आणि झेड ही दोन बटणे दाबली की शेवटचे केलेले पुसले जाते. त्या सवयीमुळे आपला असा समज होतो की संगणकाला सारेच मागे घेता येते. वस्तुतः पत्र लिहिण्याचा प्रोग्राम प्रत्येक बदलाची रोजनिशी ठेवीत असतो, म्हणूनच त्याला मागे जाता येते. ज्या भाषेत असे प्रोग्राम लिहिले जातात ती भाषा स्वतः असली रोजनिशी ठेवीत नाही. तेथे केलेला बदल मागे घ्यावयाचा तर ते ज्याचे त्याने पाहावे लागते, आणि पाहण्याचे प्रकारही एकाहून अधिक आहेत. मराठीत त्या सर्वांना 'रद्द करणे' म्हणून मोकळे होता येईना.

प्रथम थोडी ओळख करून दिली पाहिजे. ज्यांना ती आहे त्यांनी क्षमा करावी. रूबी, पायथॉन, जावास्क्रिप्ट या भाषांत प्रोग्राम चालू असतानाच त्याची रचना बदलता येते. यांतील पायथॉन १९९१ मध्ये आणि रूबी १९९५ मध्ये लोकांपुढे आली. या भाषांत वस्तूंचे क्लास असतात. 'क्लास'ला 'वर्ग' असा प्रतिशब्द रूढ आहे, पण मराठीत वर्ग म्हटले की शाळेची खोली तरी डोळ्यांपुढे येते किंवा समाजाची उतरंड तरी. म्हणून मी क्लास हाच शब्द ठेवला. क्लास म्हणजे एका जातीच्या सर्व वस्तूंचा सामाईक व्यवहार. त्या व्यवहारातील एकेका कृतीला मेथड म्हणतात.

आता मौजेची गोष्ट अशी की, वस्तू आपापल्या मेथडची प्रत जवळ बाळगीत नाही. ती दर वेळी क्लासला विचारते. आपल्याकडचा कुळाचार पाहावा. गणपती दीड दिवसाचा की पाच दिवसांचा, हे घरातील प्रत्येकाने लिहून ठेवलेले नसते. वेळ आली की वडीलधाऱ्यांना विचारतात. वडीलधाऱ्यांनी उद्या पद्धत बदलली तर नव्याने जन्मलेल्या मुलाबरोबर जुन्यांचाही गणपती बदलतो. तद्वत चालू प्रोग्रामात एखाद्या क्लासची मेथड बदलली की त्या क्लासच्या आधीच अस्तित्वात असलेल्या सर्व वस्तूंचे वागणे त्याच क्षणी बदलते. वडीलधाऱ्यांनाही ठाऊक नसेल तर ते आपल्या वडिलांची रीत सांगतात. क्लासलाही तसाच पितृ-क्लास असतो आणि प्रश्न एकेक पिढी वर चढत जातो.

चालू प्रोग्रामात अशी दुरुस्ती चिकटविण्याला इंग्रजीत 'मंकी पॅच' म्हणतात. या नावाची एक कथा सांगितली जाते. गुपचूप केलेली दुरुस्ती म्हणून मूळ शब्द गनिमी युद्धाचा 'गरिला' होता. उच्चारसाम्याने त्याचा 'गोरिला' झाला आणि गोरिलाचे माकड झाले. निदान मराठी माणसाने तरी याला 'गनिमी ठिगळ' म्हणावयास हरकत नव्हती.

एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, परंतु त्यातील प्रत्येक पायरी रूबी भाषेत घडते तशीच आहे. समजा, एका ग्रंथालयाचा प्रोग्राम आहे. रूबीत दिनांकाचा एक तयार क्लास मिळतो आणि त्यात दिनांकाने स्वतःला अक्षरांत कसे लिहावे याची मेथड असते. ती वर्ष, महिना, दिवस या क्रमाने '२०२४-०३-०४' असे लिहिते. ग्रंथपालांना सूचनाफलकावर लावण्यासाठी थकलेल्या पुस्तकांची यादी मराठीत छापावयाची आहे. म्हणून कोणी हुशार मदतनीस दिनांकाचा क्लास उघडतो आणि ती मेथड नव्याने लिहून '४ मार्च २०२४' असे छापवितो. यादी सुंदर छापली जाते. आता बदल मागे घ्यावयाचा आहे.

मदतनिसाला वाटते की आपण लिहिलेली मेथड काढून टाकली की झाले. रूबीत 'रिमूव्ह मेथड' अशी आज्ञा आहे आणि ती तो देतो. पुढे जे होते ते पाहण्यासारखे असते. दिनांक '२०२४-०३-०४' असा परत येत नाही. नवी व्याख्या लिहिली त्या क्षणीच जुनी पुसली गेलेली असते. भाषेने तिची प्रत ठेवलेली नसते. नवीही काढून टाकल्यावर दिनांकाकडे स्वतःची मेथडच उरत नाही. मग प्रश्न पितृ-क्लासकडे जातो आणि सर्व वस्तूंच्या त्या मूळ पुरुषाकडे जे मोघम उत्तर असते ते मिळते : मी दिनांक नावाच्या क्लासची एक वस्तू आहे, आणि पुढे स्मृतीतील पत्त्यासारखी एक निरर्थक अक्षरमाला. ग्रंथपालांच्या यादीत प्रत्येक पुस्तकापुढे तारखेच्या जागी ही अक्षरमाला छापून येते.

शेजारीच दुसरी एक आज्ञा आहे, 'अन्डेफ मेथड'. वरवर पाहता दोन्ही एकच वाटतात आणि घाईने केलेल्या अनुवादात दोन्हींना 'मेथड काढून टाकणे' असे म्हटले जाणे सहज शक्य आहे. भेद मोठा आहे. पहिल्या आज्ञेने स्वतःचे उत्तर जाते, पण पितरांचा मार्ग खुला राहतो. दुसरीने क्लास सांगतो की हा प्रश्न येथे थांबला, वरही कोणाला विचारू नका. मग प्रोग्राम चूक दाखवून थांबतो. आपल्या वारसाहक्काच्या भाषेत बोलावयाचे तर पहिल्यात स्वकष्टार्जित मिळकत गेली आणि वडिलोपार्जित उरली. दुसऱ्यात हक्कसोडपत्रच लिहून दिले. म्हणून पहिलीला मी 'काढणे' म्हटले आणि दुसरीला 'नाकारणे'. आज्ञेचे नाव अन्डूशी नाते सांगणारे असूनही दुसरी आज्ञा काहीही पूर्ववत् करीत नाही, ही गंमत अनुवादकाला सोडवत नाही.

मग खरा उपाय कोणता? बदल करण्यापूर्वी जुनी मेथड हाती घेऊन ठेवावयाची. रूबीत ती क्लासपासून सुटी करून एखाद्या चलात ठेवता येते आणि काम झाल्यावर त्याच नावाने परत बसविता येते. दुसरी, अधिक रूढ असलेली चाल म्हणजे जुन्या मेथडला एक उपनाव देऊन ठेवणे आणि नव्या मेथडने गरज पडेल तेथे त्या उपनावाने जुनीला हाक मारणे. ही चाल सोपी आहे आणि तिच्यात एक खड्डा आहे. दुरुस्तीची फाइल चुकून दोनदा वाचली गेली, तर दुसऱ्या वेळी उपनाव जुन्या मेथडला न लागता नवीला लागते. नवी जुनीला म्हणून हाक मारते ती स्वतःलाच. समोरासमोर लावलेल्या आरशांसारखी ही हाक स्वतःतच शिरत जाते आणि स्मृतीची मर्यादा संपली की प्रोग्राम कोसळतो. रूबीवर उभारलेल्या रेल्स या प्रसिद्ध चौकटीत उपनावांची अशी साखळी करून देणारी सोय पुष्कळ वर्षे होती. २०१६ च्या पाचव्या आवृत्तीत ती कालबाह्य ठरविण्यात आली.

जुने हाती घेऊन ठेवणे आणि परत बसविणे, एवढ्याने तरी सारे पूर्वीसारखे होते काय? येथे पायथॉनचे एक सूक्ष्म उदाहरण सांगण्याचा मोह आवरत नाही. समजा, एका क्लासची मेथड त्याची स्वतःची नाही, पितृ-क्लासकडून आलेली आहे. आपण तिला विचारून जुनी म्हणून जपून ठेवली, वर नवी बसविली, आणि काम संपताच जुनी परत त्याच जागी ठेवली. वागणे तेच दिसेल. पण रचना तीच नाही. जी मेथड वडिलोपार्जित होती ती आता क्लासच्या स्वतःच्या नावावर नोंदली गेली. उद्या पित्याने आपली रीत सुधारली, तर ही सुधारणा या अपत्यापर्यंत पोहोचणार नाही. ते जुनी प्रत कवटाळून बसेल. येथे परत बसविणे चूक आणि काढून टाकणे बरोबर. म्हणजे मघाच्या रूबीच्या उदाहरणात जे औषध घातक ठरले तेच येथे योग्य ठरते. पायथॉनच्या प्रमाण संचात २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून चाचण्यांसाठी तात्पुरता बदल करून देणारे एक साधन आहे. ते बदल करण्यापूर्वी पाहून ठेवते की मूळ वस्तू क्लासची स्वतःची होती की वारशाने आलेली. स्वतःची असेल तर परत बसविते, वारशाची असेल तर आपण घातलेली केवळ काढून घेते. ज्याने हे लिहिले त्याने या प्रश्नाचा पुरता विचार केला होता, असे ते वाचताना जाणवते.

याहून मोठा गोंधळ होतो तो एकाच मेथडवर दोघांनी ठिगळे लावली म्हणजे. पहिल्याने मूळ मेथड जपून ठेवली आणि आपली बसविली. नंतर दुसरा आला. त्याला जी दिसली, म्हणजे पहिल्याची, ती त्याने मूळ समजून जपली आणि वर आपली बसविली. आता पहिल्याचे काम आधी संपले. त्याने आपल्याजवळची खरी मूळ मेथड परत बसविली. दुसऱ्याचा बदल त्याच्या नकळत गेला. थोड्या वेळाने दुसऱ्याचे काम संपले. त्याने प्रामाणिकपणे आपण जपलेली 'जुनी' परत ठेवली, आणि ती होती पहिल्याची! जो पाहुणा निरोप घेऊन गेला होता तो पुन्हा घरात येऊन बसला, आणि आता त्याला घालविणारे कोणी उरले नाही. दोघांनीही आपापले कर्तव्य बिनचूक केले आहे, तरी घर बिघडले.

यावर एकच शिस्त आहे : जो शेवटी आला त्याने आधी जावे. शाळेत एकावर एक ठेवलेल्या ताटांचा दाखला देतात. आपल्याला त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पावसाळ्यात गंगा चढते तेव्हा घाटाच्या खालच्या पायऱ्या आधी बुडतात, वरच्या मागाहून. पाणी उतरू लागले की शेवटी बुडालेली पायरी सर्वांत आधी उघडी पडते. नदीला दुसरा क्रम शक्यच नाही. पायऱ्यांवर गाळ बसतो आणि तो ओला आहे तोवर, पाणी उतरेल तसतसा, जोराने पाणी मारून धुवून काढतात. वाळला तर तो जड होऊन बसतो. प्रोग्राममधील बदलही याच क्रमाने उलगडले पाहिजेत. चाचण्यांची चांगली साधने बदलांची नोंद ठेवून शेवटापासून आरंभाकडे परत जातात, आणि मध्ये चाचणी चुकली, प्रोग्राम अडखळला, तरी हा उलटा प्रवास पूर्ण केल्याशिवाय सोडीत नाहीत. हे दुसरे कलम पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे. काम सुरळीत पार पडले तरच आवराआवर करणारा माणूस घरात काय कामाचा?

क्रम पाळला, वारसा तपासला, मूळ जपले. आता ग्रंथालयाकडे परत जाऊ. सूचनाफलकाची यादी छापली जात होती त्या पाच मिनिटांत प्रोग्रामचा दुसरा एक भाग देवघेवीची वही लिहीत होता. त्यालाही दिनांक लिहावयाचे होते आणि त्यानेही त्याच क्लासला विचारले. म्हणजे वहीत त्या पाच मिनिटांच्या नोंदी '४ मार्च २०२४' अशा पडल्या, आणि आधीच्या व नंतरच्या '२०२४-०३-०४' अशा. मेथड कितीही निर्दोषपणे परत बसविली तरी या नोंदी परत लिहिल्या जात नाहीत. महिन्याच्या शेवटी वही तारखेवार लावावयास घेतली की या नोंदी भलत्या ठिकाणी जाऊन पडतात, आणि वेळेवर पुस्तक परत करणाऱ्या वाचकाला दंडाची चिठ्ठी जाते. हा वसईचा तह आहे. ज्या वाचकाला ती चिठ्ठी गेली त्याच्या दृष्टीने क्लास, मेथड, पिता, अपत्य ही सारी पंडितांची चर्चा. त्याचे पैसे गेले हे खरे. ग्रंथालयाच्या जागी पेन्शनीचे किंवा इस्पितळाचे कार्यालय ठेवून पाहावे म्हणजे हा विषय केवळ भाषेच्या हौशी अभ्यासकांचा नाही हे पटेल.

असेच एक दुसरे अवशेषही मागे राहतात. ज्यांनी बदलाच्या काळात मेथड विचारून ती आपल्या जवळ ठेवून घेतली, ते पुढेही तीच वापरीत राहतात. आणि ज्यांनी बदलाच्या आधीच मूळ मेथड घेऊन ठेवली होती, त्यांना बदल झाल्याचे कळलेलेच नसते. होळकरांच्या काळात काढलेली सनद जपून ठेवणारे आणि बातमीच न पोहोचलेले दूरचे ठाणेदार, असे दोन्ही प्रकारचे लोक प्रत्येक प्रोग्रामात असतात.

काशीत बसून बोलताना व्याकरणाचा विषय टाळणे अशक्य आहे. नागेश भट्ट, ज्यांना नागोजी भट्ट असेही म्हणतात, हे काळे आडनावाचे महाराष्ट्रीय ब्राह्मण. भट्टोजी दीक्षितांचे नातू हरि दीक्षित हे त्यांचे गुरू. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अठराव्याच्या मध्यापर्यंतचा त्यांचा काळ, आणि कर्मभूमी ही काशी. त्यांचा 'परिभाषेन्दुशेखर' हा ग्रंथ पाणिनीचे नियम एकमेकांशी कसे वागतात याविषयीच्या नियमांचा आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे अध्यापन करणाऱ्या कीलहॉर्न यांनी त्याचे संपादन व इंग्रजी भाषांतर केले. ते मुंबई संस्कृत ग्रंथमालेत १८६८ ते १८७४ या काळात प्रसिद्ध झाले. या शास्त्रात आपल्या विषयाला थेट भिडणारा एक प्रश्न चर्चिलेला आहे. एका शब्दात काही कारणाने एक बदल झाला. पुढे दुसऱ्या नियमाने ते कारणच नाहीसे केले. मग झालेल्या बदलाचे काय करावयाचे? एक मत असे की कारण गेले की त्याचे कार्यही जाते, शब्द पूर्वरूपाला येतो. दुसरे मत अधिक सावध आहे : जे कारण पुढे नाहीसे होणार हे दिसत आहे, त्याच्यासाठी बदल आधी करूच नये. करून मोडावयाचे की मोडावे लागेल ते करावयाचेच नाही? आजचे प्रोग्रामकर्ते याच दोन पक्षांत विभागलेले आहेत.

पाणिनीची आणखी एक युक्ती आहे. अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायाचे शेवटचे तीन पाद, ज्यांना त्रिपादी म्हणतात, त्यांतील नियमांनी केलेला बदल आधीच्या नियमांच्या दृष्टीने झालेलाच नसतो. बदल आहे, पण अमुक ठिकाणाहून पाहिले तर तो नाही. रूबीच्या २०१३ साली आलेल्या २.० आवृत्तीत 'रिफाइनमेंट' नावाची एक प्रयोगावस्थेतील सोय दाखल झाली आणि त्याच वर्षाअखेरच्या २.१ आवृत्तीत ती पक्की झाली. तिचा आशय हाच. दिनांकाची मराठी रीत क्लासवर सरसकट लादण्याऐवजी 'या फाइलीत मी ती वापरतो' असे सांगावयाचे. त्या फाइलीतून पाहिले तर तारीख मराठी. शेजारच्या वहीच्या भागातून पाहिले तर ती होती तशीच. फाइल संपली की परिणाम संपला. मागे घेण्याजोगे काही उरतच नाही. सावध वैयाकरणांना ही सोय आवडली असती. हे साम्य मी साम्य म्हणूनच सांगत आहे. पाणिनी हा जगातील पहिला संगणकतज्ज्ञ होता असली विधाने करून टाळ्या घेणे सोपे आहे. त्याने पाणिनीही कळत नाही आणि संगणकही.

त्याच २.० आवृत्तीत दुसरी एक सोय आली, 'प्रीपेंड'. मूळ मेथडला हात न लावता तिच्या पुढे एक देवडी उभी करावयाची. प्रत्येक प्रश्न आधी देवडीवर येतो आणि तेथील पहारेकरी हवे तर आत पाठवितो. उपनावांच्या साखळीपेक्षा हे पुष्कळ स्वच्छ. परंतु एकदा उभी केलेली देवडी पाडण्याची आज्ञा रूबीत नाही. फार तर पहारेकऱ्याला रजा देता येते. देवडी रिकामी उभी राहते आणि क्लासच्या वंशावळीत तिचे नाव कायम दिसते.

बदल मागे घेण्याची वेळच निघून गेली, तर काय होते याचे एक खरे उदाहरण सांगतो, असे पुस्तकाचा लेखक म्हणतो; मी ते माझ्या शब्दांत सांगते. मूटूल्स नावाच्या जावास्क्रिप्टच्या एका संचाने पूर्वी केव्हातरी सर्व याद्यांच्या मूळ क्लासला 'फ्लॅटन' नावाची मेथड जोडली होती; यादीत यादी असेल तर ती सपाट करण्यासाठी. असंख्य संकेतस्थळांनी तो संच वापरला. पुढे भाषेची मानके ठरविणाऱ्या समितीने स्वतःच 'फ्लॅटन' नावाची अधिकृत मेथड आणावयाचे ठरविले. फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ती येताच एक संकेतस्थळ मोडले, कारण तेच नाव मूटूल्सने आधीच वापरलेले होते. मूटूल्सचे ठिगळ काढावयाचे तर ज्यांचे मालकही आता लक्ष देत नाहीत अशी संकेतस्थळे कोण दुरुस्त करणार? मध्यंतरी कोणी विनोदाने नाव 'स्मूश' करावे असे सुचविले आणि त्यावरून वादंग माजले. अखेर नाव 'फ्लॅट' ठरले आणि २०१९ च्या मानकात तेच गेले. म्हणजे ठिगळ जागचे हलले नाही. कापडच ठिगळाच्या मापाने बेतावे लागले.

मी मराठी साहित्याची विद्यार्थिनी, प्रोग्राम लिहिणारी नव्हे. म्हणून सल्ला देण्याचा अधिकार मला नाही. पण भाषांतर करताना एक उपाय मला सर्वांत प्रामाणिक वाटला, तो सांगते. जेथे खात्रीने पूर्वस्थिती हवी, तेथे मूळ प्रोग्रामाने आपला एक अपत्य-प्रोग्राम निर्माण करावा, क्लासचे सारे फेरफार त्या अपत्याने करावेत, निकाल पित्याला कळवावा आणि संपून जावे. पित्याच्या क्लासला कोणी स्पर्शच केलेला नसतो. हे थोडे खर्चिक आहे, वेळ लागतो. आणि अपत्याने मधल्या काळात एखाद्या वहीत काही लिहिले असेल तर तेही राहतेच. तो तह येथेही सुटत नाही. परंतु निदान क्लासपुरते बोलावयाचे तर 'पूर्ववत्' हा शब्द येथे निःशंक वापरता येतो, आणि पुस्तकात मी तो येथेच वापरला आहे.

इतरत्र मी तीन क्रियापदे वेगळी ठेवली : आपण घातलेले तेवढेच जाते तेथे 'काढणे', वरचा मार्गही बंद होतो तेथे 'नाकारणे', जपलेले मूळ पुन्हा त्या जागी येते तेथे 'परत बसविणे'. अनुवाद तपासणाऱ्या एका जाणकारांनी विचारले की इंग्रजी वाचकाला एक शब्द पुरतो, तर मराठी वाचकावर तीन कशाला लादावयाचे? माझे उत्तर असे की, इंग्रजी पुस्तकातही आज्ञांची नावे तीन आहेत. फक्त त्यांच्याविषयी सैलपणे बोलताना एक शब्द वापरला जातो. आपण आज्ञांचे भाषांतर करीत आहोत, सैलपणाचे नव्हे. 'प्रीपेंड'च्या रिकाम्या देवडीसाठी मात्र चौथे क्रियापद हवे होते. 'ओस पाडणे' लिहून पाहिले, 'निष्प्रभ करणे' लिहून पाहिले. छापील पुस्तकात 'रिकामी ठेवणे' असे गेले आहे. आपल्यापैकी कोणाला याहून चांगले सुचत असेल, तर पुढील आवृत्तीसाठी ते अवश्य कळवावे.